शिष्यवृत्ति: तिचे प्रकार व तिचा शोध

शिष्यवृत्ति हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीं वारंवार येतो. परंतु त्या एका नांवाखालीं तीन निराळ्या गोष्टी मोडतात, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. एक गुणांचें पारितोषिक, दुसरें गरजेस दिलेलें साह्य, व तिसरें अटीवर किंवा कर्जाऊ मिळालेलें द्रव्य.

पहिल्या प्रकारचें उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्याशीं जोडलेलें आहे. मुरबाड येथें १८०३ सालीं जन्मलेले नाना शंकरशेट १८६५ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवें मॅट्रिकच्या संस्कृत विषयासाठीं शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली. १९१२ सालीं ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तिसऱ्या प्रकारांत सयाजीराव महाराजांनीं १९१३ सालीं भीमराव आंबेडकर यांस कोलंबिया विद्यापीठासाठीं दिलेलें दरमहा साडेअकरा पौंडांचें साह्य येतें. त्याच्या बदल्यांत दहा वर्षें बडोदें संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. जमशेटजी टाटा यांनीं १८९२ सालीं स्थापिलेला निधि तर परदेशीं शिकणारांस कर्ज देतो, व तें फेडावें लागतें. यास्तव कोणताही अर्ज भरण्यापूर्वीं हें द्रव्य परत करावयाचें काय, हा प्रश्न विद्यार्थ्यानें निःसंकोच विचारावा.

अर्ज कसा लिहावा हें सांगतांना आम्ही कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण देतों. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, अमेरिकेस पोहोंचल्यावर त्यांनीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास पत्र लिहिलें. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण कदाचित् पुऱ्या करणार नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. आजवर काय अभ्यास झाला तें सांगितलें. आणि पुरुष वैद्याकडून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करावयाची आहे, हा हेतु उघड मांडला. फुशारकी नाहीं, कीं नुसतें रडगाणेंही नाहीं. महाविद्यालयानें त्यांस प्रवेश दिला व शिष्यवृत्तिही दिली. १८८६ सालीं त्या एम. डी. झाल्या. आमच्या मुलांचे अर्ज बहुधा 'मी गरीब आहें' येथें सुरू होऊन तेथेंच संपतात. गरिबी तहसीलदारांच्या दाखल्यावर लिहिलेली असतेच. अर्जदारानें लिहावयाचें तें याहून पुढचें.

आतां आजच्या सरकारी साह्याकडे वळूं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ पासून चालत आली आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्तीस ही मर्यादा आठ लाखांची. तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात. मात्र व्यावसायिक शिक्षणाचा प्रवेश केंद्रीय प्रवेशफेरींतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून जागा घेतली तर शुल्काची सवलत गेली, हें प्रवेश घेण्यापूर्वींच समजलेलें बरें. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस याच मर्यादेंत व्यावसायिक अभ्यासक्रमाचें शिक्षण व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालें आहे. केंद्राची एक शिष्यवृत्ति बारावींत शेंकडा ऐंशी परीक्षार्थींच्या वर असणारांस पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये देते. उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत हवें, व तीबरोबर दुसरी शिष्यवृत्ति घेतां येत नाहीं.

लोकलच्या पासाचा खर्च शुल्कमाफींत येत नाहीं. त्याची विद्यार्थिसवलत निराळी असून कॉलेजच्या कचेरींतून दाखला घ्यावा.

आमच्या मतें गुणांअभावीं हुकणाऱ्या शिष्यवृत्त्यांहून कागदांअभावीं हुकणाऱ्या अधिक. डोंबिवलीकरांस आपला तालुका कल्याण आहे याचा विसर पडतो. उत्पन्नाचा दाखला तेथील तहसीलदारांचाच लागतो. निकालानंतर सेतु केंद्रांत मोठी गर्दी होते, म्हणून दाखला आधींच काढावा. गुणपत्रिकेवरील व आधारवरील नांव अक्षरशः सारखें असावें, आणि बँकेचें खातें आधारशीं जोडलेलें असावें, कारण रक्कम थेट खात्यांत येते. अर्ज पाठविला म्हणजे काम झालें असें नाहीं. तो प्रथम कॉलेजकडून तपासून पुढें जावा लागतो, तेव्हां कचेरींतील लेखनिकास आठवड्यानें जाऊन विचारावें. शिवाय पुढच्या वर्षीं तोच अर्ज पुन्हां नवा करावा लागतो, हें पहिल्याच दिवशीं वहींत टिपून ठेवावें.