कृती थंड देशाची, मे महिना जालन्याचा

फोटोग्राफी, घरी आंबवलेली पेयं आणि जमेल त्या हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग, असे माझे तीन छंद. जालन्यात राहून तिसरा छंद बाळगणं लोकांना हास्यास्पद वाटतं, पण फटके दिले ते पहिल्या दोघांनी. कारण एकच. या छंदांची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड मुलखातले. त्यातले दिवस आणि तास तिथल्या हवेचे असतात.

आल्याच्या फसफसत्या सरबताचंच घ्या. किसलेलं आलं, साखर आणि पाणी रोज थोडं थोडं घालून विरजण करायचं. फेस यायला लागला की ते गाळून लिंबू-साखरेच्या पाण्यात मिसळायचं आणि बाटलीला बूच लावायचं. पुढे ‘तीन-चार दिवस बाहेर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याच्या घरात पारा २० अंशांच्या आसपास असणार. आमच्याकडे मेमध्ये बाहेर ४२ आणि ओट्याखालीही ३५च्या पुढे. त्यात मी आपल्या जालन्याच्या मोसंबीचा रस ओतला होता, म्हणजे यीस्टला वाढीव खुराक. शिवाय द्रव जितका गरम तितका त्यात वायू कमी विरघळतो. उरलेला बुचाखाली दाब वाढवत बसतो. भर दुपारी बाटली फुटली. काचा फ्रिजपर्यंत उडाल्या, भिंतीवर रस. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, “सिलिंडर गेलं का रे?”

तेव्हापासून एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची भरतो. ती दाबून बघायची. टणक लागली की बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये. कडक उन्हाळ्यात हे एका दिवसातही होतं, डिसेंबरात चार-पाच दिवस लागतात. शोभेच्या चौकोनी बाटल्या अजिबात नकोत, कोपऱ्यांवर ताण येऊन त्या आधी फुटतात. गळ्याशी चार बोटं जागा रिकामी ठेवायची, आणि उघडायची ती थंडगार झाल्यावर, वर टॉवेल टाकून.

मग घरीच बिअर का नाही, असं मित्र विचारतात. १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा. नाशिकच्या वायनऱ्या चालतात त्या परवान्यावर. सरबतसुद्धा जास्त दिवस मुरलं की त्यात मद्यार्क वाढतो, म्हणून ते ताजंच संपवावं. दारू गाळण्याच्या भानगडीत तर पडूच नये. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं.

आता कॅमेरा. लेन्सला बुरशी पावसाळ्यात लागते, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण मराठवाड्यातल्या घरात आणखी एक पावसाळा असतो, तो कूलरचा. बाहेर हवा चुरचुरीत कोरडी म्हणून आपण निर्धास्त, आणि कॅमेऱ्याचं कपाट मात्र कूलरच्याच खोलीत. कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी सोडूनच. खिडक्या बंद असल्या की रात्रभरात खोली दमट. माझ्या जुन्या लेन्समध्ये मे संपता संपता कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले. लेन्स हातात घेऊन मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा, तेव्हाच ते दिसतात. नुसत्या डोळ्यांना काच स्वच्छच वाटते. बुरशी काचेवरचा लेप खाते. कारागिराने उघडून पुसली तरी डाग राहू शकतो.

उपाय स्वस्त आहे. रबरी कड असलेला हवाबंद डबा, आत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ६०च्या वर बुरशीचं फावतं. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतो, ते सुकवायला स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका, नारंगी घ्या. चामड्याच्या कव्हरात लेन्स महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. दुकानदार कव्हर आग्रहाने गळ्यात मारतो, ते प्रवासापुरतं ठीक. आणि ऑगस्टात एसीच्या खोलीतून उठून थेट घाणेवाडी तलावावर पक्षी टिपायला गेलात तर गार काचेवर दव धरणारच. अर्धा तास बॅग बंदच राहू द्या.

स्कीइंगसाठी गुलमर्गला गेलं की हेच उलटं घडतं. बर्फातून तापवलेल्या खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, म्हणजे दव पिशवीवर धरतं. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाशी. थंडीत ती भराभर उतरते. कॅमेरा आपल्या मनाने बर्फ राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वर.

स्कीइंगबद्दल थोडकंच. जालना समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटरवर, गुलमर्ग २६०० मीटरच्या वर. पहिला दिवस नुसतं फिरण्यात घालवा. सपाट रस्त्यावर चालून मांड्या तयार होत नाहीत. जिने चढा, त्याहून जास्त उतरा, कारण गुडघा उतारावरच दगा देतो. उन्हात बर्फ डोळे भाजतो, ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. शिकायचं तर गुलमर्गच्या सरकारी संस्थेत किंवा औलीला गढवाल मंडल विकास निगमच्या वर्गात. नांदेडहून येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसने जालन्यातून थेट दिल्ली गाठता येते. बूट आणि स्की तिथेच भाड्याने घ्या. इथून न्यायचे ते फक्त घालून सैल झालेले हातमोजे आणि दोन जोड लोकरी मोजे.