स्थलशिल्पज्ञाचे काम केव्हा सुरू होते?

शाळेची इमारत उभी राहते, कार्यालयाला रंग लागतो, आणि मग उरलेल्या रकमेत थोडी हिरवळ व चार कुंड्या करून देण्यासाठी कोणाला तरी पाचारण केले जाते. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ अर्थात स्थलशिल्पज्ञ याचे काम एवढेच, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तोपर्यंत त्याच्या कामाची वेळ टळून गेलेली असते.

स्थलशिल्पज्ञ प्रथम जमिनीची पाहणी करतो. उतार कोणत्या दिशेला आहे, पावसाचे पाणी कोठून येते व कोठे जाते, कोणते वृक्ष राखलेच पाहिजेत, लोकांची पायवाट कोठून जाते, या साऱ्याची नोंद तो समोच्च रेषांच्या नकाशावर घेतो. इमारतीची जागा त्यानंतर ठरावी, हे उचित. वरची सुपीक माती खरवडण्यापूर्वी ती बाजूला ढीग करून ठेवावी, ही त्याची सूचना साधी असते. परंतु जो थर तयार होण्यास शतके लागली, तो यंत्र एका दुपारी नाहीसा करते. जुन्या आंब्याच्या बुंध्याभोवती तीन-चार फूट भराव घातला, तर झाड लगेच मरत नाही. मुळांना हवा न मिळाल्याने ते काही वर्षांनी वाळते आणि दोष मात्र पावसाला दिला जातो!

बडोद्याची सयाजीबाग, म्हणजेच लोकांची कमाटीबाग, या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ती उभी राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये याच नदीचा पूर शहरात शिरला होता. नदीकाठची मोकळी जागा वाया गेलेली जमीन नसून पुराला पसरण्यासाठी लागणारी जागा आहे, हे स्थलशिल्पज्ञ नकाशावरच दाखवून देऊ शकतो. बांधकामे झाल्यावर त्याचा उपयोग नसतो.

लंडनजवळील क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बीगेल १८९३ साली बडोदे संस्थानच्या सेवेत आले व १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात गेले. एका जातीच्या वृक्षांचा बहर ओसरताच दुसऱ्या जातीचा सुरू व्हावा, अशा रीतीने बंगलोरचे रस्ते वृक्षांकित करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. रोप लावताना पुढील पन्नास वर्षांचे झाड डोळ्यांपुढे ठेवावे लागते, ते असे.

या व्यवसायात येण्यासाठी बहुधा वास्तुशास्त्राची पाच वर्षांची पदवी व त्यानंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दिल्ली, अहमदाबाद व पुणे येथे तशी सोय आहे.

प्रत्येक ग्रामपंचायतीला असा तज्ज्ञ लाभेलच असे नाही. तथापि, नियोजित जागेवर पहिल्या मोठ्या पावसात कोणीतरी छत्री घेऊन उभे राहावे, पाणी ज्या वाटेने वाहील तेथे खुंट्या ठोकाव्यात आणि उघडीप मिळताच त्यांवरून चुन्याची फक्की मारावी. त्या रेषेवर पाया खणू नये.