वृद्ध श्वानातील कुशिंग व्याधी : ओळख, सांभाळ आणि आपली दक्षता

“कुत्र्याचे पोट सुटले आहे, लिव्हरचे एखादे चांगले औषध द्या,” अशी मागणी घेऊन येणारा ग्राहक औषधालयांना अपरिचित नाही. श्वान आठ-दहा वर्षांचा असतो. तो वारंवार पाणी पितो, रात्री घरातच मूत्रविसर्जन करतो, सतत अन्न मागतो. घरची मंडळी हे वयावर ढकलतात आणि आपणही एखादे यकृतोत्तेजक सिरप देऊन मोकळे होतो. मात्र या लक्षणसमूहामागे कुशिंग व्याधी असू शकतो. तो ओळखता यावा आणि आपल्या हातून अपाय होऊ नये, या हेतूने आम्ही येथे त्याचा विचार करीत आहोत.

व्याधीस्वरूप

वृक्कांजवळील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हा अंतःस्राव निर्माण करतात. तो दीर्घकाळ अतिप्रमाणात राहिल्यास हा व्याधी होतो. अमेरिकन शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली मानवातील या विकाराचा पीयूषिका म्हणजेच पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्बुदाशी असलेला संबंध मांडला. श्वानात आपोआप उद्भवणाऱ्या व्याधीपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत मूळ पीयूषिकेत असते. उर्वरितांत अधिवृक्क ग्रंथीत अर्बुद असते. तिसरा प्रकार औषधजन्य होय. त्वचेच्या कंडूसाठी महिनोन्महिने दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शने, क्वचित मलमेही त्यास कारण ठरतात.

लक्षणे

१) तृष्णाधिक्य : दर किलो वजनास २४ तासांत १०० मि.लि.हून अधिक पाणी. दहा किलोच्या श्वानाने दिवसाला एक लिटरहून अधिक पाणी पिणे संशयास्पद मानावे. भांड्यात मोजून पाणी घालावे व उरलेले वजा करावे.
२) प्रभूत मूत्रप्रवृत्ती व अतिक्षुधा.
३) लोंबते पोट, परंतु पाय कृश, जिना चढताना अशक्तता, विश्रांतीतही धापा टाकणे.
४) दोन्ही कुशींवरील केस सारखेच विरळ होणे, डोके व पाय मात्र केसाळ राहणे, त्वचा पातळ होणे, जखमा उशिरा भरणे.

व्यवच्छेद

मधुमेहात भरपूर खाऊनही वजन घटते. थायरॉइडच्या न्यूनतेत वजन वाढते, परंतु तहान-भूक वाढत नाही. जलोदरात पोटात द्रवसंचय आढळतो. गर्भाशय न काढलेल्या मादीत ऋतुकालानंतर काही आठवड्यांनी तहान, मलूलपणा व पोटफुगी दिसल्यास गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन तिला त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे पाठवावे.

येथे एक फसगत ध्यानात घ्यावी. कॉर्टिसॉलमुळे श्वानाच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढते. हा अहवाल पाहून ‘यकृतविकार’ असा शिक्का बसतो आणि यकृताचीच औषधे चालू राहतात. खरे निदान एसीटीएच उत्तेजन चाचणी किंवा अल्पमात्रा डेक्सामेथासोन चाचणी, सोनोग्राफी आणि लक्षणे यांच्या एकत्रित विचाराने पशुवैद्यक करतात.

चिकित्सा व सांभाळ

पीयूषिकाजन्य प्रकारात मुख्यतः ट्रायलोस्टेन हे औषध अन्नासोबत दिले जाते. त्याने व्याधी समूळ जात नाही, आटोक्यात राहतो. तहान काही आठवड्यांत उतरते. केस येण्यास काही महिने लागतात. मात्रा अधिक झाल्यास कॉर्टिसॉल घातक पातळीपर्यंत खाली येते. वांती, अतिसार, अन्नद्वेष किंवा ग्लानी दिसताच पुढील मात्रा न देता पशुवैद्यकास गाठावे.

घरच्यांना आवर्जून सांगावे की घर ओले होते म्हणून पाणी तोडू नये. मूत्रातून जाणाऱ्या पाण्याची भरपाई न झाल्यास जीवावर बेतू शकते. त्याऐवजी रात्री एकदा अधिक बाहेर न्यावे, गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी, आहार मोजून द्यावा आणि पाणी, भूक व वजन यांची वही ठेवावी. हा श्वान हट्टी झालेला नाही, तो आजारी आहे, एवढे उमगले तरी त्याच्यावरचा राग निवळतो.

आपली दक्षता

यष्टीमधु हे आपले विश्वासाचे द्रव्य. पण त्यातील ग्लिसिरायझिन कॉर्टिसॉलचे निष्क्रियीकरण रोखते, पोटॅशियम घटवते व रक्तदाब वाढवते. या रुग्णांत ते वर्ज्य मानावे. द्राक्षा श्वानाच्या वृक्कांना घातक ठरू शकते, लसूण रक्तकणांचा नाश करतो आणि आसव-अरिष्टांतील मद्यांशही त्यास बाधतो. म्हणून माणसाची औषधे अल्प मात्रेत श्वानास चालतात, हा समज सोडावा.

औषधजन्य प्रकारात निदानपरिवर्जन हीच चिकित्सा, परंतु स्टिरॉइड एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. निद्रिस्त झालेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच कार्य करू शकत नाहीत. अहितकर सात्म्य सोडण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम आपणांस परिचित आहे. त्याच न्यायाने स्टिरॉइड उतरवावे लागते, मात्र ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच.

पालकाप्याच्या हस्त्यायुर्वेदाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या परंपरेला पशुचिकित्सा परकी नाही. तथापि भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशूंवरील चिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपले कार्य ओळखण्याचे व वेळेवर पाठविण्याचे. यापुढे श्वानासाठी लिव्हरचे औषध मागणाऱ्यास बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : पाणी किती पितो? भूक वाढली आहे का? कोणते स्टिरॉइड चालू आहे किंवा होते? उत्तरे संशयास्पद वाटल्यास औषध न देता पशुवैद्यकाकडे पाठवावे.