बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने: मुलांच्या हातून, मुलांसाठी

नाताळची सुट्टी लागली की मोठी मुलं घरात मोकळी असतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत संक्रांत येते आणि तिथून रथसप्तमीपर्यंत घरोघरी लहानग्यांची बोरन्हाणं सुरू होतात. त्यासाठी हलव्याच्या दागिन्यांचे तयार संच बाजारात सहज मिळतात. पण धाकट्या भावंडासाठी किंवा शेजारच्या बाळासाठी सुट्टीत बसून स्वतः केलेला दागिना ही मोठ्या मुलांनी देण्याजोगी फार सुंदर भेट आहे. कामही त्यांना झेपणारं आहे. मोठ्यांनी फक्त माप, कात्री आणि शेवटची तपासणी सांभाळायची.

ही कृती साधारण वर्षाच्या बाळाला पुरेल अशी आहे: एक हार, दोन मनगट्या, मुकुट आणि बासरी.

साहित्य

- काटेरी पांढरा हलवा पाव किलो, रंगीत हलवा मूठभर
- पांढरा सुती दोरा, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडा जाड
- काळा जाड कार्डपेपर, सोनेरी कागद
- बोटभर रुंदीची सोनेरी लेस, काळी किंवा लाल साटिनची फीत
- मऊ सुती कापडाचा तुकडा
- फेविकॉल, बारीक ब्रश, कात्री, मोजपट्टी, पेन्सिल
- घट्ट झाकणाचा डबा

हलवा घेताना दाणा हातात घेऊन बघा. काटा ठसठशीत असेल तरच दोरा त्यावर टिकतो, गुळगुळीत दाणा गाठीतून निसटतो. हलवा घरी करायचा असेल, तर ते काम मोठ्यांचं. साखरेच्या पाकात चमचाभर दूध घालून मळी काढतात. मग कढईत तीळ घेऊन अगदी मंद आचेवर चमचा-चमचा पाक सोडत, तो सुकेपर्यंत बोटांनी हलवत राहायचं. पाक एकदम जास्त पडला की तिळाचे गोळे होतात. थोडा-थोडा पडला तरच काटा उठतो. हे काम तासन्‌तास चालतं आणि पाक चटका देतो, म्हणून मुलांनी लांबूनच बघावं.

आधी माप

बाळ झोपलेलं असताना दोऱ्याने डोक्याचा घेर, मनगट आणि गळ्यापासून छातीपर्यंतची लांबी मोजा. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर बहुधा 45 ते 47 सेंटिमीटर असतो, तरी प्रत्यक्ष मोजूनच घ्या. आकडे कागदावर लिहून ठेवा.

कामाची वाटणी

पाच ते सात वर्षांच्या मुलांना दाणे निवडायला द्या: मोठे एका ताटलीत, छोटे दुसरीत, फुटके बाजूला. आठ-नऊ वर्षांची मुलं नक्षी काढून दाणे चिकटवू शकतात. गाठवण्याचं काम दहाच्या पुढच्यांचं. हात आधी धुऊन अगदी कोरडे करायचे, कारण ओल लागली की हलवा चिकट होतो आणि काटे झिजतात.

1. हार

हाराची लांबी 40 सेंटिमीटर धरली, तर दोरा त्याच्या तिप्पट घ्या. गाठींत बराच दोरा जातो. एका टोकाला वीतभर दोरा मोकळा ठेवा.

हलव्याला सुईने भोक पाडू नका, दाणा फुटतो. दोऱ्याचा छोटा फास करा, त्यात दाणा आडवा धरा आणि फास हळूहळू आवळा. पहिल्या वेळी दाणा हमखास घरंगळतो. दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसला की मात्र हाताला लगेच कळतं, दाणा हलायचा थांबतो. तसा थांबला की उलट बाजूने आणखी एक गाठ मारा. जोर लावला तर काटे तुटतात, म्हणून दोरा ओढताना दाणा चिमटीत धरूनच ओढा.

साधारण सेंटिमीटरभर अंतरावर पुढचा दाणा. चार पांढरे, एक रंगीत असा क्रम ठेवला तर हार उठून दिसतो. अशा हाराला चाळीसेक दाणे लागतात. मुलांनी ते एका बैठकीत संपवायची घाई करू नये. दहा दाणे झाले की हार ताटात आडवा ठेवून उठायचं.

मधोमध पदक हवं असेल, तर रुपयाएवढी कार्डाची गोल चकती कापून तिच्यावर हलवा चिकटवा आणि ती दोऱ्याला बांधा.

2. मनगट्या

मनगटाच्या मापाएवढी, दोन सेंटिमीटर रुंद कार्डाची पट्टी कापा. आतल्या बाजूला सुती कापड चिकटवा. बाहेरून दोन्ही कडांना लेस लावा आणि मधल्या जागेत हलव्याची एक ओळ बसवा. टोकांना फीत लावा, म्हणजे मनगटी सैल-घट्ट करता येते. बाजूबंदही असेच होतात, फक्त माप दंडाचं घ्या.

3. मुकुट

डोक्याच्या मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटर कमी लांबीची पट्टी घ्या. मागची फट फितीने भरून निघते. पट्टी पाच सेंटिमीटर उंच आणि मध्यभागी टोक दहा सेंटिमीटर उंच ठेवा. पेन्सिलीने कोयरी, सूर्य किंवा फूल काढा. मुलांना सुचेल ती नक्षी चालेल.

एका वेळी दोन बोटं रुंद जागेवरच फेविकॉलचा पातळ थर द्या. थर जाड झाला तर साखर विरघळते आणि काळ्या कार्डावर पांढरे डाग उमटतात. आधी नक्षीच्या कडेचे दाणे, मग आतले. खालची सेंटिमीटरभर कड मोकळी ठेवून तिथे लेस लावा, नाहीतर काटे कपाळाला टोचतात. आतून सुती कापड लावा. मुकुट रात्रभर आडवा ठेवून वाळवा.

4. बासरी

कार्डाची वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड सुरळी करून सोनेरी कागदात गुंडाळा. तिच्यावर हलव्याच्या दोन-तीन कड्या चिकटवा, एका टोकाला फितीचा गोंडा. मुलीसाठी बासरीऐवजी बिंदी करतात: पट्टीवर एक ओळ आणि मधे छोटी चकती.

जपून ठेवताना

दागिने पूर्ण वाळल्यावर डब्यात कागदाच्या घड्या घालून एकेक सुटा ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं. कोकणासारख्या दमट हवेत डबा वारंवार उघडू नका. हलवा मुळात थंडीच्या कोरड्या हवेतला जिन्नस आहे. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत उभा केला की पुरे.

बोरन्हाणाच्या दिवशी

बाळाला काळं झबलं किंवा फ्रॉक घाला. काळ्यावर पांढरा हलवा खुलतो. दागिने चढवण्याचा मान ते करणाऱ्या मुलांना द्या, त्यासाठीच तर त्यांनी सुट्टी घालवली. औक्षण झालं की बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि हलवा बाळाच्या डोक्यावरून हलक्या हाताने सोडायचा आणि जमलेल्या मुलांनी लुटायचा. चुरमुरे जास्त, बाकीचं बेताने ठेवलं की बाळाला लागत नाही. लूट भरायला मुलांनी आधीच कोऱ्या कागदाच्या पिशव्या करून त्यावर प्रत्येकाचं नाव लिहून ठेवावं. छापील वर्तमानपत्र खाण्याच्या वस्तूंना वापरू नका.

काही गोष्टींत मात्र तडजोड नको. हार मागे साध्या सुरगाठीने बांधा, एका ओढीत सुटला पाहिजे. दागिने अंगावर असताना बाळ क्षणभरही नजरेआड नको. फोटो झाले की दागिने लगेच उतरवा. हलव्याचा दाणा, आख्खा शेंगदाणा आणि बोराची बी लहान मुलांच्या घशात अडकू शकते. त्यामुळे चार-पाच वर्षांखालच्या कुणाच्याही हाती या वस्तू देऊ नका आणि कार्यक्रम संपताच जमीन झाडून घ्या. दागिन्यांतला हलवा हाताळलेला आणि डिंक लागलेला असतो, तो कुणीच खाऊ नये. खायचा हलवा वेगळा काढून ठेवा.

गाठवण्यात हात बसला की हेच काम पुढे कितीतरी वर्षं उपयोगी पडतं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला हलव्याचं मंगळसूत्र, बांगड्या, कंबरपट्टा घालतात, जावयालाही हार करतात. त्या दागिन्यांची गाठ हीच, फक्त माप मोठं. म्हणून सुट्टीत एका मुलाला गाठ आली, की पुढच्या वर्षी त्याने ती धाकट्याला शिकवावी.