न जुळणारे छिद्र : विमानाच्या पंखाचा एक पाठ



कांदिवलीतील एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी विमान बांधले, ही वार्ता तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. त्यांचा आराखडा स्वतःचा होता. अमेरिकेत मात्र सुट्या भागांचा संच आणून घरच्या शेडमध्ये विमान जोडणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी १९७३ साली स्थापन केलेली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही ओरेगॉनमधील कंपनी असे संच पुरवते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही या कामातील एक अडचण आम्हांस अभ्यासण्याजोगी वाटते. ती म्हणजे पंखाच्या पत्र्यावरील छिद्र आतील फासळीच्या छिद्राशी न जुळणे.

पंखाचा कणा म्हणजे स्पार. त्याला आडव्या फासळ्या जोडतात आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा रिव्हेटांनी जखडतात. रिव्हेट ३/३२ इंचाचा असेल, तर छिद्र सुमारे अडीच मिलिमीटरचे असते.

छिद्रे जुळत नाहीत असे दिसताच ड्रिल उचलू नये. आधी कारण शोधावे. फासळी उलटी तर बसली नाही ना, हे प्रथम पाहावे. दुसरे कारण अधिक आढळते. फासळीची कड दाबयंत्रात वाकवताना वक्र भागी धातू गोळा होतो आणि फासळी धनुष्यासारखी वाकते. अशा वेळी दोन छिद्रांच्या मधोमध पकडीने कडेला बारीक चुण्या पाडतात. जादा धातू त्यांत सामावतो, फासळी सरळ होते आणि छिद्रे आपोआप रांगेत येतात. चुणी जास्त पडली, तर फासळी उलट बाजूस वाकते. तिसरे कारण गंभीर आहे : सांगाडाच पिळलेला असणे. ओळंबे सोडून ते तपासावे. पिळलेल्या पंखावर पत्रा रिव्हेटला, की तो पीळ कायमचा राहतो आणि विमान उडताना एका बाजूस कलते.

कारण दूर झाल्यावर ‘क्लेको’ नावाच्या तात्पुरत्या खिळ्यांनी पत्रा मध्यापासून टोकांकडे बसवावा. केसभर फरक उरल्यास निमुळती पिन घालून छिद्रे एका रेषेत आणावीत आणि रीमर काटकोनात धरून ती साफ करावीत. नंतर कडेवरील बर काढावी.

छिद्र लांबट किंवा आठाच्या आकड्यासारखे झाले असेल, तर ते पुढच्या मापाचे, १/८ इंची रिव्हेटचे करता येते. मात्र छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट, म्हणजे येथे पाव इंच, अंतर उरले पाहिजे. ते उरत नसेल, तर निर्मात्याला विचारावे अथवा भाग बदलावा.

वेड्यावाकड्या छिद्रात रिव्हेट ठोकून वर रंग दिला, तर चूक झाकली जाते. पण सैल रिव्हेट उड्डाणात घासत राहतो, त्याच्याभोवती काळी रेघ उमटते आणि त्याचा भार शेजारच्या रिव्हेटांवर पडतो. त्या पंखाच्या आधाराने माणसे आकाशात बसलेली असतात.

मित्रहो, वर्गात उत्तर ताळ्यावर बसत नाही, तेव्हा आकडा ओढूनताणून जुळवण्याचा मोह होतो. इतिहास लिहिणाऱ्यालाही पुराव्याच्या बाबतीत तो होतो. तेव्हा थांबावे, मागे जावे आणि पीळ नेमका कोठे आहे ते पाहावे. एक भाग टाकून द्यावा लागला, तर त्यात कमीपणा नाही.