आई-वडिलांचा पैसा त्यांच्याच हाती राहू दे

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. सौ. बाळ,


तुझं पत्र पोचलं. आक्का आणि दाजींना कायमचं न्यू जर्सीला न्यायचं, त्यांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा, असं तू ठरवलं आहेस. वाचून समाधान वाटलं. इतक्या लांब राहूनही आई-बाप जवळ असावेत असं तुला वाटतं, याचा मामा म्हणून मला अभिमान आहे. जाण्याआधी पैशाची काय व्यवस्था करावी, असं तू विचारलं आहेस. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. मुलांकडे परदेशी निघालेले आणि तिथून परत आलेले कितीतरी आई-वडील माझ्या टेबलासमोर बसून मन मोकळं करून गेले. त्या अनुभवातून तुला मुख्य गोष्ट एकच सांगतो. त्यांचा पैसा त्यांच्या हाती, त्यांच्या सहीने चालला पाहिजे. बाकीचे नियम आणि कागद यासाठीच सांभाळायचे.

आज त्यांचं कसं चाललं आहे ते आठव. आक्काची शिक्षिकेची पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यावर येते. दूधवाला, भाजी, औषधं, भाचरांच्या वाढदिवसाचं पाकीट, अंबाबाईची ओटी हे सगळं ती स्वतःच्या पैशातून करते. दाजींची साखर कारखान्याची पेन्शन तुटपुंजी आहे, पण शेताचं ऊसबिल जमा झालं की त्यांची मान ताठ असते. शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेल्या या पेठेत त्यांचं आयुष्य गेलं. इथल्या माणसाला स्वतःच्या शब्दावर व्यवहार करायची सवय असते. तुझ्या एडिसन गावात मात्र गाडी चालवता येत नसेल तर साधी कोथिंबीर आणायलाही दुसऱ्याला सांगावं लागतं. थंडीचा त्रास स्वेटरने भागतो. प्रत्येक लहान खर्चासाठी लेकीकडे किंवा जावयाकडे बघावं लागलं की माणूस आतून खचतो आणि बोलूनही दाखवत नाही.

म्हणून पहिलं काम हे कर. तिथे गेल्यावर दोघांच्या नावाने बँक खातं उघड, दोघांना वेगवेगळं कार्ड दे आणि ठरलेली रक्कम दर महिन्याला आपोआप त्यात जाईल अशी सोय कर. त्या पैशाचा हिशोब कधी विचारू नकोस. आक्काची पेन्शन डॉलरमध्ये मोजली तर काही शेच भरेल. ती तिकडे मागवून घरखर्चात मिसळू नकोस. ती इथेच तिच्या खात्यावर राहू दे. कुणाच्या लग्नाला आहेर, शाळेला देणगी, गावच्या जत्रेची वर्गणी तिने इथल्या पैशातून तिच्या मर्जीने द्यावी. त्यातून तिचं गावातलं स्थान टिकेल.

आता इथली व्यवस्था. कायमचं राहायला गेलेला माणूस परकीय चलन कायद्याने अनिवासी होतो. आयकराचा १८२ दिवसांचा हिशोब वेगळा आहे, त्याची यात गल्लत करू नकोस. साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं साधं खातं, करून घ्यायचं. पेन्शन, भाडं, व्याज, ऊसबिल त्यातच जमा होईल. सगळ्याच सहकारी बँकांना अशी खाती ठेवायची परवानगी नसते, तेव्हा ऊसबिल ज्या खात्यात येतं तिथे आधी विचार. एनआरओच्या ठेवींवरील व्याजातून ३० टक्के आणि त्यावर उपकर असा कर कापला जातो. आक्का आजवर दरवर्षी भरत आली तो १५एच फॉर्म अनिवासी माणसाला भरता येत नाही. भारत-अमेरिका कराराचा आधार घेतला तर व्याजावरचा हा कर १५ टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी अमेरिकेत कर भरणारा रहिवासी असल्याचा तिथला दाखला बँकेला द्यावा लागतो. एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, म्हणजे पैसा अडकून पडेल ही भीती दाजींच्या मनातून काढ.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी माणसाला नवं खातं उघडता येत नाही. पीपीएफचं जुनं खातं मुदतीपर्यंत चालतं, नवं मिळत नाही. दाजींच्या काही ठेवी पतसंस्थेत आहेत, त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष दे. बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. इथे असताना रोज कट्ट्यावर बसून संस्थेची खबर कळते, तिकडून कळणार नाही. मुदत संपेल तशी ती रक्कम चांगल्या बँकेत आणून ठेवायला दाजींना सांग. सांगताना त्यांच्या ओळखीपाळखीचा मान राखून सांग.

नोव्हेंबर महिना विसरू नकोस. हयातीचा दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. तो भारतीय वकिलातीतून देता येतो, मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाणनेही देता येतो. आक्काच्या पेन्शनला यातला कोणता मार्ग चालतो, ते निघण्याआधी कोषागारात आणि बँकेत विचारून घ्या. दोघांचे इथले मोबाईल नंबर रोमिंगवर जिवंत ठेव. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर बंद पडला की स्वतःच्याच पैशाचं दार बंद होतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

अमेरिकेची बाजू तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी लिहितो. ग्रीन कार्ड हाती आलं की त्यांचं जगभरातलं उत्पन्न तिथल्या सरकारला कळवायचं असतं. आपल्याकडे करमुक्त असलेलं ऊसबिलसुद्धा त्यात धरलं जातं. दोघांचं उत्पन्न पाहता प्रत्यक्ष कर बहुधा निघणार नाही, पण विवरणपत्रात दाखवावं लागेलच. इथल्या सगळ्या खात्यांतली आणि ठेवींतली शिल्लक मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाची वेगळी माहिती भरावी लागते. ही रक्कम मोठी वाटते, पण निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या ठेवी धरल्या तर ती सहज ओलांडली जाते. न भरल्याचा दंड जबर आहे. म्युच्युअल फंडांचं करगणित तिथे फार किचकट आहे, त्याचा निर्णय जाण्याआधी जाणकार सीएला विचारून घ्या.

सगळ्यात मोठा खर्च दवाखान्याचा. ६५ वर्षं पूर्ण झाली तरी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्यविमा घेता येत नाही. त्यानंतरही ज्याने तिथे दहा वर्षं काम केलेलं नाही, त्याला फक्त हॉस्पिटलच्या भागासाठी दरमहा माणशी ५०० डॉलरच्या वर हप्ता पडतो. मधल्या पाच वर्षांचा विमा आधी ठरव, तिकीट नंतर काढ. पाहुण्यांसाठीचे विमे जुन्या आजारांना बहुतेक वेळा पुरते पडत नाहीत आणि दाजींना मधुमेह आहे, हे तुला ठाऊक आहे. शिवाय ग्रीन कार्डासाठी त्यांच्या पालनपोषणाच्या हमीवर तू सही करशील. ती कायद्याने बांधणारी जबाबदारी आहे. जावईबापूंशी बसून पुढच्या दहा वर्षांचा खर्च कागदावर मांड. तो आकडा लपवून ठेवला तर उद्या घरात कुरबूर होईल आणि ती आक्काच्या कानावर जाईल.

घर आणि शेत विकायची घाई करू नका. अनिवासी झाल्यावर शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, असलेली ठेवता येते. म्हणजे एकदा विकली की परत घेण्याची वाट बंद. शेत वाट्याने द्या, करार लेखी करा, दर हंगामात ई-पीक पाहणी झाली का आणि सातबारावर काय नोंद आहे ते बघणारं माणूस नेमा. घराचा घरफाळा, पाणीपट्टी, लाइटबिल मी बघेन. घर भाड्याने द्यायचं झालं तर करार नोंदणीकृत करा आणि मालक अनिवासी असल्याने भाडं देताना कर कापायची जबाबदारी भाडेकरूची आहे, हे त्याला आधीच सांगा. निदान दोन वर्षं तरी आक्काला तिची खोली, तिची भांडी जशीच्या तशी राहू देत. परत यायला स्वतःचं घर आहे, या विश्वासावर माणूस परक्या मुलखात निर्धास्त राहतो.

कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच सब-रजिस्ट्रारकडे करून घ्या. तिकडून करायचं तर वकिलातीत साक्षांकन आणि कागद इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, अशी धावपळ होते. माझ्या नावाने करायला माझी ना नाही, पण त्यात विक्रीचा अधिकार घालू नका. भाडं, बिलं आणि सरकारी कामं एवढंच लिहा. सख्ख्या भावालाही गरजेपुरताच अधिकार द्यावा, हे मी बँकेत शिकलो. दोघांनी मृत्युपत्र करावं, प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन तपासावं. हा विषय काढायला तुला जड जाईल, म्हणून आक्काशी मी बोलेन.

आता दिवसांविषयी. नातवंडं सांभाळण्यात दोघांना आनंदच आहे, पण तो त्यांच्या इच्छेचा भाग असावा. आठवड्यातले दोन दिवस पूर्ण त्यांचे ठेव. न्यू जर्सीच्या बस-रेल्वेत ज्येष्ठांना सवलतीचं भाडं आहे. पहिल्या महिन्यात त्यांच्याबरोबर बसने ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जा, पुढच्या महिन्यात त्यांना एकटं जाऊ दे. लायब्ररी आणि गावचं ज्येष्ठांचं केंद्र दाखव. मराठी मंडळात घेऊन जा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा उत्तररंग हा उपक्रम निवृत्तांसाठीच आहे. आक्काला शिकवायची हौस आहे. तिथल्या मराठी शाळेत तिला रविवारी एक वर्ग मिळाला, तर तिचा आठवडा त्या रविवारभोवती उभा राहील.

ये-जा करायची असेल तर हेही ध्यानात ठेव. ग्रीन कार्ड घेऊन सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की प्रश्न विचारले जातात, आणि परवाना न घेता वर्षाहून जास्त राहिलं तर कार्डच धोक्यात येतं. अर्धं वर्ष इथे, अर्धं तिथे असं मनात असेल तर व्हिजिटर व्हिसाच त्यांना सोयीचा. तो दोघांकडे आहे. तेव्हा अर्ज करण्याआधी त्यांना त्यावर एक अख्खा हिवाळा तिथे काढू दे. कडक थंडी, लवकर पडणारा अंधार, तुमच्या नोकरीचे लांब दिवस हे सगळं पाहून मग त्यांनी काय ते ठरवावं.

शेवटी मुद्द्याचं बोलतो. तुझ्या पत्रात 'मी ठरवलं आहे' असं चार ठिकाणी आलं आहे. 'आई-बाबांनी ठरवलं आहे' असं एकदाही आलेलं नाही. पैसा त्यांच्या हाती राहावा असं मी म्हणतो, तसाच हा निर्णयही त्यांच्याच हाती राहिला पाहिजे. या रविवारी फोन कर, दोघांशी वेगवेगळं बोल, कारण आक्का दाजींसमोर मनातलं सांगत नाही. त्यांना सरळ विचार की तुम्हाला यायचं आहे का, कायमचं की काही महिन्यांसाठी. उत्तर काहीही आलं तरी ते मनापासून मान. यायचं म्हणाले तर कागदपत्रांची सगळी कामं मी अंगावर घेतो. नाही म्हणाले तर इथे त्यांच्या दाराशी मी आहे, तू निश्चिंत राहा.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा