दृष्टीने शिकार करणारे कुत्रे आणि त्यांची घरगुती निगा

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे जुन्या किल्ल्याचे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहे, तर बाजारात त्याची ओळख पपनसांमुळे आहे. २००८ साली येथे विमानतळ सुरू झाला आणि तेव्हापासून द्राक्षमळे, नाचणीची शेते व उघडे माळ यांच्या जागी कुंपणाच्या वसाहती आणि बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या. अशा वसाहतीत एखाद्या कुटुंबाने मुधोळ किंवा ग्रेहाउंड जातीचा कुत्रा आणला, म्हणजे काही प्रश्न हटकून उभे राहतात. कुत्रा इतका हाडकुळा का? तो दिवसभर झोपतो, हे आजाराचे लक्षण तर नव्हे? घरात गाईसारखा गरीब असणारा हा प्राणी मांजर दिसताच साखळी तोडून का धावतो? या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याच्या शरीररचनेत आणि पूर्वेतिहासात आहेत.

बहुतेक शिकारी कुत्रे वासाने माग काढतात. मुधोळ, महाराष्ट्राच्या मराठवाडा भागातील कारवानी, उत्तरेकडील रामपूर, युरोपातील ग्रेहाउंड, अरबस्तान व इराणकडील सलुकी हे मात्र सावज डोळ्यांनी हेरून वेगाने गाठणारे कुत्रे होत. मुधोळ हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात घटप्रभा नदीच्या काठी वसलेले गाव १९४८ पर्यंत घोरपडे या मराठा घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची नीट पैदास करविली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजास त्यांची एक जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. मुधोळनजीक तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ येथील केंद्राने या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी घेतली, आणि २०२१ मध्ये हवाई दलाने आग्रा येथील तळावर धावपट्टीवरील पक्षी व जनावरे हाकण्याच्या कामी तिची योजना केली. ज्या गावाच्या कुशीत विमानतळ आहे, तेथील वाचकास ही शेवटची गोष्ट विशेष वाटेल.

शिकार हे या कुत्र्याचे मूळ काम. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु कायदा बदलल्याने कुत्र्याचे स्नायू व स्वभाव बदलत नाहीत, हे पाळणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

धावण्यासाठी घडलेले शरीर

ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावू शकतो. त्याच्या धावेत प्रत्येक झेपेमध्ये चारही पाय दोन वेळा जमिनीपासून सुटलेले असतात: एकदा शरीर आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. पाठीचा कणा धनुष्याप्रमाणे वाकतो व सरळ होतो. छाती खोल, पोट आत ओढलेले, हृदय शरीराच्या मानाने मोठे, आणि कातडीखाली चरबी अत्यल्प. म्हणून शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे या जातींत उपासमारीचे चिन्ह नव्हे. शेजाऱ्यांच्या टोमण्यांमुळे तूप-भात चारून त्यास गोल करणारे मालक त्याच्या सांध्यांवर नसते ओझे लादतात. पाठीच्या मणक्यांची सर्व टोके आणि कंबरेची हाडे वर आलेली दिसू लागली, तर मात्र वजन खरोखरच घटले आहे असे समजावे व जंतांची तपासणी करून घ्यावी.

लांबट तोंडाच्या कुत्र्यांच्या नेत्रपटलात दृष्टिपेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. त्यामुळे क्षितिजावर दूर हालणारी बारीकशी वस्तूही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. उलट स्थिर वस्तू जवळ असूनही कधी कधी दुर्लक्षित राहते. फाटकाबाहेर कागदाचा कपटा उडाला तरी कान टवकारणारा कुत्रा समोर ठेवलेला चेंडू पाहत नाही, यात त्याचा मूर्खपणा नाही.

रक्ततपासणीचा घोटाळा

या जातींच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट रक्ताविषयी आहे. ग्रेहाउंडाच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा पुष्कळ अधिक असते. एकूण रक्ताच्या ५० ते ६५ टक्के भाग या पेशींनीच व्यापलेला आढळतो. वेगाने धावताना स्नायूंना प्राणवायू पुरविण्यासाठी ही तजवीज आहे. याउलट पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी असतात, आणि गळ्यातील अवटु ग्रंथीच्या स्रावाचे प्रमाणही कमी भरते. रक्तातील क्रिएटिनीन थोडे अधिक असते, कारण स्नायू मोठे असतात.

प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यात ‘सामान्य’ म्हणून दिलेले आकडे सर्व जातींच्या कुत्र्यांवरून काढलेले असतात. त्यांच्याशी ताडून पाहिल्यास निरोगी ग्रेहाउंडही रोगी ठरतो. कमी स्राव पाहून त्यास जन्मभर अवटु ग्रंथीच्या गोळ्या चालू केल्या जातात, किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची नाहक शंका घेतली जाते. देवनहळ्ळीसारख्या ठिकाणी याला आणखी एक गंभीर बाजू आहे. तपकिरी गोचिडीमुळे पसरणारा एर्लिकिया हा रोग भारतभर आढळतो, व त्यातही बिंबिका घटतात. अहवालातील कमी आकडा जन्मजात आहे की रोगाचा, हे एका कागदावरून सांगणे कठीण जाते. यावर एकच भरवशाचा उपाय आहे: कुत्रा धडधाकट असताना रक्ताची एक पूर्ण तपासणी करून तो कागद जपून ठेवावा. पुढे आजारपणात पशुवैद्यास त्याच कुत्र्याच्या जुन्या आकड्यांशी तुलना करता येते. मुधोळ किंवा कारवानी कुत्र्यास ग्रेहाउंडाचे आकडे जसेच्या तसे लावणेही बरोबर नाही. त्यांच्यासाठी तर हा जुना कागद अधिकच मोलाचा होय. देवनहळ्ळीहून शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर हेब्बाळ येथे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही तेथील रहिवाशांची मोठी सोय आहे.

भूल देण्याच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. थायोपेंटोन हे गुंगीचे औषध पूर्वी सर्रास वापरले जाई. ते दिल्यावर ग्रेहाउंड तासन् तास शुद्धीवर येत नाही, असा अनुभव येऊ लागला. शरीरात चरबी नसल्यामुळे औषध रक्तातच राहते, असे स्पष्टीकरण प्रथम देण्यात आले. पुढे संशोधनातून असे दिसले की, या जातीच्या यकृतात ते औषध मोडणाऱ्या विकराचे काम मुळातच मंद असते. आज अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध आहेत. तरीही नसबंदी किंवा दातांच्या शस्त्रक्रियेपूर्वी कुत्रा कोणत्या कुळीचा आहे हे मालकाने स्वतः सांगावे. शिवाय कित्येक ग्रेहाउंडांत शस्त्रक्रियेनंतर एक ते चार दिवसांनी जखमेभोवती रक्तस्राव होतो. दुसऱ्या दिवशी कुत्रा खुशीत दिसला म्हणून निश्चिंत राहू नये. जखमेभोवती काळेनिळे डाग पसरताना दिसल्यास त्याला तत्काळ परत न्यावे.

ऊन, थंडी आणि जखमा

कुत्र्यास माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरून व श्वासनलिकेतून पाण्याची वाफ होऊ देऊनच तो शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तपमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ग्रेहाउंडाच्या जातीचा कुत्रा अर्धा मिनिट जीव तोडून धावला, तर ते ४१ अंशांच्या वर जाऊ शकते. देवनहळ्ळीचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने हवा सौम्य मानली जाते आणि तेथेच मालक फसतो. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्ता पंजाच्या गाद्या भाजण्याइतका तापतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्यास तेथे चालवू नये. उष्माघातात कुत्रा अडखळतो, हिरड्या लालभडक होतात, ओकारी येते. अशा वेळी प्रथम साधे गार पाणी अंगावर भरपूर ओतून वारा घालावा आणि नंतर दवाखान्याची वाट धरावी. प्रवासात गेलेली पंधरा मिनिटे जिवावर बेततात.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हाच कुत्रा कुडकुडतो. त्याच्या अंगावर आतली मऊ लव नसते. जुनी घोंगडी व जाड अंथरूण पुरे होते. अंथरूण नसेल तर फरशीवर टेकून कोपरांना घट्टे व फोड येतात. कातडी पातळ असल्याने तारेच्या कुंपणाचा साधा ओरखडादेखील हातभर फाट पाडतो, आणि शेपटीचे टोक भिंतीवर आपटून रक्तबंबाळ होते. ग्रेहाउंडाच्या पंजाच्या गादीत कधी कधी माणसासारखे कुरूप होते. तो कठीण जमिनीवर लंगडतो व हिरवळीवर नीट चालतो, यावरून ते ओळखावे. वय झालेल्या ग्रेहाउंडाचे लंगडणे मात्र ‘मुरगळले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. या जातीत हाडांचा कर्करोग अधिक आढळतो, म्हणून क्ष-किरण चित्र लवकर काढलेले बरे. अशा वेळी घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देणे हा तर शुद्ध अविचार होय. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

आहाराविषयी थोडे सांगितले की पुरे. नाचणीचा उंडा किंवा ज्वारीची भाकरी यांवर या प्रदेशातील कुत्री पिढ्यानपिढ्या जगली, पण त्याबरोबर मांस, अंडी वा दूध यांची जोड असे, हे विसरले जाते. कांदा-लसणाची आमटी, चॉकलेट आणि शिजविलेली हाडे वर्ज्य. देवनहळ्ळी हा द्राक्षांचा मुलूख आहे, आणि द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडतात, ही गोष्ट मळेवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. यामागे द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावे, असे मत अमेरिकेतील पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडले. चिंचेतही तेच आम्ल असते. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून पोटभर जेवणानंतर लगेच धावू देऊ नये. पोट ढोलासारखे फुगले आणि ओकारीचा उमाळा येऊनही काही बाहेर पडत नसले, तर सकाळपर्यंत थांबणे म्हणजे कुत्रा गमावणे होय.

स्वभाव

वेगवान कुत्र्यास दिवसभर धावावेसे वाटते, ही समजूत खोटी आहे. तो थोडा वेळ प्रचंड शक्ती खर्च करतो आणि उरलेला दिवस झोपून काढतो. सकाळ-संध्याकाळचे फिरणे व आठवड्यातून काही वेळा बंदिस्त जागेत मोकळी धाव एवढे त्यास पुरते. ‘बंदिस्त’ या शब्दावर भर द्यावयास हवा. ससा, खार, मुंगूस किंवा कोंबडी पळताना दिसली की, हाक ऐकून परत येण्याचे शिक्षण त्या क्षणी निरुपयोगी होते. काही सेकंदांत तो महामार्गावर पोहोचतो. त्याची मान डोक्याहून रुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. ओढल्यावर जरा आवळणारा, पण गळा न दाबणारा रुंद पट्टा वापरावा. वसाहतीत मांजरे किंवा अगदी लहान कुत्री असतील, तर बाहेर नेताना सुरुवातीचे काही महिने जाळीचे मुसके घालणे शहाणपणाचे. त्यातून त्यास धापा टाकता व पाणी पिता आले पाहिजे. धावणाऱ्या मांजरामागे लागला म्हणून कुत्र्यास मार देणाऱ्यांची कीव करावीशी वाटते. शेकडो वर्षे माणसाने त्याच्याकडून नेमके तेच करवून घेतले आहे.

शाळेतील मुलांना एक गोष्ट अवश्य शिकवावी. या जातींची कित्येक कुत्री अर्धवट उघड्या डोळ्यांनी गाढ झोपतात. जागे आहे असे समजून मूल गळ्यात हात घालते, आणि दचकलेला कुत्रा चावा घेतो. त्यात द्वेष नसतो, पण चावा चावाच असतो. झोपलेल्या कुत्र्यास दुरून नावाने हाक मारावी व तो उठून आपल्याकडे येईपर्यंत थांबावे. कोणाही कुत्र्याचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पिसाळ रोगाच्या लशीविषयी विचारावे. हळद, चुना, मिरची यांचे लेप लावू नयेत. घरच्या कुत्र्यास साधारण तिसऱ्या महिन्यात ही लस द्यावी आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती चालू ठेवावी.

एकटेपणा या कुत्र्यांना सोसत नाही. दिवसभर रिकाम्या घरात कोंडलेला कुत्रा दार ओरबाडतो, रडतो, घरात घाण करतो, आणि मग ‘जात वाईट’ म्हणून रस्त्यावर सोडला जातो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळीव प्राण्यास असे टाकून देणे, तसेच त्यास दीर्घकाळ आखूड साखळीने बांधून ठेवणे, हे गुन्हे आहेत. नव्या कुत्र्यास पहिल्या आठवड्यापासून प्रथम पाच मिनिटे, मग पंधरा मिनिटे, मग तासभर असे एकटे राहण्याची सवय लावावी. निघताना निरोपाचा सोहळा करू नये. ज्या घरात दहा-बारा तास कोणीच नसते, त्या घराने पिल्लू आणण्यापूर्वी शेजारी किंवा नातेवाईक यांच्यापैकी कोण दुपारी येऊन त्यास फिरवील, हे आधी ठरवून घ्यावे.